बिल्ला खिशात ठेवा

रस्त्याच्या कडेला उभी गाडी दिसली की आमच्या आबांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी कोणाची, ड्रायव्हर कुठला, आपल्याला उशीर झालाय का, हे प्रश्न नंतरचे. आधी ट्रक थांबायचा, मग आबा खाली उतरायचे आणि लुंगी सावरत विचारायचे, "काय रं, काय झालं?" भिवंडीपासून कसाऱ्यापर्यंतच्या रस्त्यावर त्यांना सगळे थांबेमामा म्हणत. नवख्या माणसांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. एकदा एका हवालदाराने तसं लिहूनही घेतलं होतं आणि आबांनी ते दुरुस्त केलं नाही.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पडघ्यात आमचं घर, थोडी भातशेती आणि दोघा भावांच्या मालकीचा एक जुना ट्रक. काकू माझ्या आठवणीच्या आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे आबा आमच्यातच राहायचे. वडिलांना ते 'धाकल्या' म्हणायचे, पुढे वडिलांच्या डोक्यावर पांढरे केस दिसू लागले तरीही.

माझ्या मावशीच्या लग्नाला आम्ही घरची सगळी ट्रकमधूनच निघालो होतो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, आम्हा पोरींच्या डोक्यात अबोलीचे गजरे. वाशिंदच्या अलीकडे एक टेम्पो बंद पडलेला दिसला आणि आबा थांबले. टेम्पोत कोंबड्यांचे खुराडे होते. आबा आणि वडील टेम्पोखाली शिरले ते कितीतरी वेळ बाहेरच येईनात. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. आई रडवेली होऊन म्हणाली, "माझ्या सख्ख्या बहिनीचं लगीन लागून गेलं, भाऊजी!" हाताला ग्रीस लागलेले आबा शांतपणे म्हणाले, "लागलं ना? मंग झालं की. आपन न्हवतो म्हनून अडलं तर न्हाय ना? तो टेम्पोवाला मात्र तिथंच अडला असता." आई आठवडाभर धुसफुसत होती, पण त्यांच्या पानात भाकरी वाढताना वरून तुपाची धार सोडायला विसरली नाही.

त्यांची दुसरी सवय हात वर करण्याची. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला ते स्टिअरिंगवरचा हात उचलून दाखवत. मी एकदा विचारलं, "आबा, एवढ्या सगळ्यांना तुम्ही ओळखता?" ते हसले. "हात केला की वळख होते. आधी वळख पायजे असं कुठं हाय?"

पंचाहत्तरच्या आसपासची ती वर्षं. भिवंडीत लूम वाढत चालले होते आणि त्यांच्यावर विणलेलं कोरं कापड रंगवायला दूर मारवाडात जाऊ लागलं होतं. अहमदाबाद, पालनपूर करत पाली-बालोतऱ्याकडे. भाडं चांगलं मिळायचं म्हणून आबांनीही तो रस्ता धरला, वडील जोडीला असायचेच. पावसाळा-हिवाळ्यात काही वाटायचं नाही. पण एका वैशाखात परतताना त्यांचा ट्रक वाळवंटात अर्धा दिवस उभा राहिला. आबा तसे धडधाकट घरी आले, फक्त आणखी काळे होऊन. वडील मात्र उतरले तेच भिंतीला धरून. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. पुढे कितीतरी दिवस ते ओटीवर पडून होते आणि ताप उतरत नव्हता. वडिलांची तब्येत मुळातच नाजूक होती. आई त्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची आणि आबांकडे बघायची.

त्याच दिवाळीनंतर एक माणूस पडघ्याला आमच्या घरी आला. मारवाडातल्या एका गावात त्याचं गॅरेज होतं. त्याने एक योजना काढली होती. वर्षाची वर्गणी भरायची, मेंबर व्हायचं. त्या टापूत कुठेही गाडी बंद पडली की तो जीप पाठवणार, जीपमध्ये मिस्त्री, सुटे भाग आणि पाणी. मेंबरांच्या ट्रकला समोरच्या काचेवर लावायला लाल पत्र्याचा बिल्ला. भिवंडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांमधून तो फिरला होता, पण ड्रायव्हर लोक कुरकुरत होते. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, थांबेमामाने घेतला तर बाकीचे घेतील.

आबांनी त्याला चहा दिला आणि सरळ विचारलं, "जीपें कितनी हैं?"

"अभी तो एक है, मामाजी."

"और खबर कैसे मिलेगी तुमको?"

"जो गाडी आगे जा रही हो, उसके हाथ संदेसा भेज दीजिए."

आबा मोठ्याने हसले. "मतलब किसी को रुकना तो पडेगाच! मग मी आजवर काय करतोय? वर्गणी न भरता लोकं थांबतात माझ्यासाठी."

तो माणूसही मोकळेपणाने हसला. लबाड नव्हता तो. आबा त्याला नकार देणार हे दिसतच होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई बोलली. परक्या माणसासमोर ती कधी बोलायची नाही.

"भाऊजी, इथल्या रस्त्यावर तुम्हाला झाडंबी वळखतात. तिथं वाळूत कोन वळखतो तुम्हाला? मागल्या बारीला यांना कसं आनलंत ते मी बघितलंय. एक जुना टायर कमी घ्या, पन हे घ्या."

वडील संकोचून म्हणाले, "मला काय, आबा म्हनेल तसं." गॅरेजवाल्याला आबांनी उद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात यायला सांगितलं. तो गेल्यावर ते बराच वेळ अंगणातल्या ट्रकभोवती फिरत राहिले, टायरवर लाथा मारून बघत राहिले. सकाळी न्याहारीला बसल्यावर आईकडे न बघता म्हणाले, "शेवंता म्हनते ते खरं हाय. मी माझ्या हिमतीवर जाईन. पन धाकल्याचा जीव माझ्या हिमतीवर कशाला ठेवू? घेऊ आपन बिल्ला."

त्यांनी घेतला म्हणून भिवंडीच्या पुष्कळ ड्रायव्हरांनी घेतला. आणि खरं सांगायचं तर त्या बिल्ल्याचा उपयोगही झाला. त्या हिवाळ्यात ट्रकचा गियर अडकला, एका ट्रकवाल्याबरोबर निरोप गेला आणि संध्याकाळच्या आत जीप हजर झाली. आईला हे कळलं तेव्हा ती शेजारपाजारी सांगत सुटली. "माझ्या बोलन्यावर घेतला हो भाऊजींनी," ती म्हणायची, आणि आबा मान डोलावायचे.

पुढच्या मे महिन्यात आबा एकटेच परत आले.

ट्रक नव्हता. कुठल्याशा बसने पडघ्याच्या नाक्यावर उतरून चालत आले. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते, अंगणात पापड वाळत घालत होते. आबांच्या हातात फडक्याने तोंड बांधलेलं एक मातीचं मडकं होतं. त्या उन्हात इतक्या लांब आणणं शक्य नव्हतं, म्हणून वडिलांना तिथेच अग्नी दिला होता. आई बाहेर आली. तिने मडक्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि पहिला शब्द काढला तो हा: "जीप न्हाय आली?"

आबा म्हणाले, "आली. जीप आली, मिस्त्री आले, सगळं केलं त्यांनी. पानी मी कमी भरलं होतं, शेवंता. ते येईस्तवर पुरलं न्हाय. चूक माझी हाय."

आई तिथेच खाली बसली. नंतर जी रडली ते मी आजही सांगू शकत नाही. पण आबांशी ती त्या दिवसापासून बोलली नाही. घर एक, चूल एक. त्यांचं जेवण वेळेवर, त्यांचे कपडे धुतलेले. पण काही सांगायचं झालं की मला म्हणायची, "त्यांना सांग, भात निवतोय." आबा समोर चार हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. मी सांगायची वाट न बघता ते उठायचे आणि पानावर येऊन बसायचे. कोणी पाहुणा आला आणि वडिलांचा विषय निघाला तर आई आबांच्या देखत म्हणायची, "बाकी सगळं होतं. पान्याची अक्कल न्हवती." आबा मान खाली घालून ऐकायचे. मला त्यांची दया यायची आणि त्यांचा रागही यायचा. मीही मनातून तेच धरून चालले होते. पाणी भरायला काय लागतं?

मारवाडातून ट्रक दुरुस्त होऊन आला तसा त्यांनी तो विकला. मग भिवंडीजवळ राहनाळला एका गोदामावर कामाला लागले. कापडाच्या गाठी मोजून घ्यायच्या, ट्रक लावून घ्यायचे. येणारेजाणारे ड्रायव्हर ओळखीचेच. नवीन पोरं मारवाडच्या फेरीला निघाली की त्यांना विचारायची, "मामा, वो मेंबरशिप लेने का क्या? फायदा है?" मला वाटायचं, आबा शिव्या घालतील. पण ते म्हणायचे, "घे. उन्हाळ्यात तर नक्की घे. मात्र बिल्ला काचेला लावू नको. खिशात ठेव."

"खिशात ठेवून काय उपयोग?"

"ठेव म्हनतो ना," एवढंच म्हणून ते गाठी मोजायला लागायचे.

ही गोष्ट आईच्या कानावर गेली तेव्हा तिला ते वेडे झाल्यासारखे वाटले. मलाही त्याचा अर्थ लागला नाही. तो लागला रामअवध आला तेव्हा.

मी तोपर्यंत डी. एड. करून भिवंडीतल्या एका शाळेत लागले होते. एका रविवारी आई माहेरी गेली होती आणि आबा ओटीवर सुतळी वळत बसले होते. एक पन्नाशीचा माणूस अंगणात येऊन उभा राहिला. उत्तर प्रदेशातला ड्रायव्हर, भिवंडीत बरीच वर्षं राहिलेला. आबांनी त्याला लगेच ओळखलं. "अरे रामअवध! आ, बैठ." तो बसला नाही. वाकून त्याने आबांचे पाय धरले आणि सोडेना.

"मामा, उस दिन मैं वहाँ से गुजरा था," तो म्हणाला. "आपका ट्रक खडा देखा. आप हाथ हिला रहे थे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, "छोड, पुरानी बात." पण त्याला थांबवता येईना. इतकी वर्षं अडलेलं एकदम बाहेर पडत होतं. "मैंने शीशे पर लाल बिल्ला देखा. सोचा, मामा मेंबर हैं, खबर गई होगी, जीप आती होगी. आप तो सबको हाथ करते हैं ना, मैं समझा सलाम है. मैंने भी हाथ उठाया और निकल गया, मामा. गाडी का हॉर्न भी बजाया."

मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होते. उंबऱ्यातच उभी राहिले.

आबांनी त्याला उठवून शेजारी बसवलं. त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग हळू म्हणाले, "तू अकेला नहीं था. तुझ्या आधी आणखी एक गेला, तोही हात करून. और सुन, उससे पहले ठंड में मैं भी ऐसेही गया था. एका मेंबराची गाडी उभी होती. धाकल्या बोला, आबा, रुकते हैं. मैं बोला, बिल्ला है ना, जीप येईल, आपल्याला उशीर झालाय. जिंदगी में पहली बार नहीं रुका मैं. उसका कुछ बिगडा नहीं, नशीब उसका. तो फिर तुझे क्या बोलूँ?"

रामअवध लहान मुलासारखा रडत होता. आबांनी त्याला जेवायला बसवलं. मी भाकऱ्या केल्या. जाताना त्याने माझ्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले.

तो गेल्यावर मी आबांसमोर बसले. म्हटलं, "आता सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. पहाटेच्या गारव्यात निघायचा त्यांचा बेत होता, पण माल चढायला वेळ लागला. दिवस चांगला वर आल्यावर एक्सल तुटला. पहिली एक प्रवासी बस आली ती थांबली. तिच्या ड्रायव्हरकडे निरोप दिला. आबा वडिलांना म्हणाले, तू याच बसने पुढे जा, मी थांबतो. वडील म्हणाले, "जीप येलच की आता. तुला एकट्याला कशाला टाकू?" आबांनीही फार आग्रह केला नाही. निरोप पोचला, पण ती एकुलती जीप दुसऱ्याच बाजूला, लांब गेलेली. दुपार झाली. दोघे ट्रकखालच्या सावलीत पडून होते, पण खालची वाळूच भाजत होती. वडील आधी गप्प झाले, मग भलतंच बोलू लागले. भाताची लावणी राहिली म्हणाले. अंगाला घाम येईनासा झाला. आबा रस्त्यावर जाऊन हात हलवू लागले. दोन ट्रक हात करून गेले. तिसऱ्यासमोर आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले तेव्हा तो थांबला. गावात डॉक्टर होता. पण पोचेपर्यंत उशीर झाला होता.

"पाणी?" मी विचारलं.

"पानी होतं गं. कॅनव्हासच्या दोन्ही पिशव्या भरून घेतलेल्या. एक तर उघडलीबी न्हवती. मी त्याच्या डोक्यावर वतत होतो, तोंडात घालत होतो. गिळतच न्हवता. पान्यानं न्हाय गेला तो."

"मग आईला तसं का सांगितलंत?"

त्यांनी सुतळीचा पीळ हातात घट्ट धरला. "ती दारात आली नि काय इचारलंन तिनं? जीप न्हाय आली? हे पयलं इचारलंन. मंग काय सांगू तिला? तुझ्या बिल्ल्यापायी कोनी थांबलं न्हाय, असं सांगू? तिनं त्याचा जीव वाचावा म्हनून हट्ट धरला होता. ते ऐकून ती जगली असती का? तुम्हा पोरींना कोनी वाढवलं असतं? माझ्यावर रागावून तरी उभी ऱ्हायली. ऱ्हाऊ दे तसंच."

मग ते म्हणाले, "आईला सांगू नको. मी गेल्यावरबी नको." मी कबूल झाले.

त्या दिवसापासून आई "त्यांना सांग" म्हणाली की कितीदा वाटलं, सांगून टाकावं. एकदा आई म्हणाली, "तुला त्यांचा फार पुळका आलाय हल्ली." मी म्हटलं, "म्हातारे झालेत गं." ती म्हणाली, "तुझ्या बापाला तेवढंबी होता आलं न्हाय."

पुढे काही वर्षांनी आबांच्या पोटात दुखू लागलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. राहनाळच्या गोदामातून, ट्रान्सपोर्ट ऑफिसांतून माणसं भेटायला येऊ लागली. पार नाशिकहून एक कोंबड्यांचा व्यापारी आला, तो मला ओळखीचा वाटला नाही. पण मीच त्याला "या" म्हटलं, कोणीतरी कधीतरी रस्त्यात अडला असणार. आबांचं सगळं आई करायची. अंथरूण बदलायची, अंग पुसायची, भांडं द्यायची. जावेचं, दिराचं कोणी इतकं करत नाही. तोंडाने मात्र गप्प.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आले. पेज केली आणि वाटी घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले. आई त्यांच्या उशाशी बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"भाऊजी," ती म्हणाली.

आबांनी डोळे उघडले. ती हाक त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकलेली नव्हती.

"तुम्ही त्या दिशी पानी कमी नेलंत. मी ते लई वर्सं मनात धरून बसले. तुमच्या तोंडावर बोलले, लोकांम्होरं बोलले. मानसाच्या हातनं चूक होते. तुमचा भाऊबी गेलाच की. आज मी ते सोडलं. माफ केलं तुम्हाला."

आबांची नजर दाराकडे आली. मला बघितलं त्यांनी. मी तोंड उघडणार होते, खरंच उघडणार होते. त्यांनी मान अगदी किंचित हलवली, नको म्हणून. मग दोन्ही हात चादरीबाहेर काढले. हाडांवर नुसती कातडी राहिली होती. ते हात त्यांनी आईसमोर जोडले.

"लई उपकार झाले, शेवंता," ते म्हणाले. "मोकळा केलास मला."

आई रडू लागली. तिला मी इतकं मोकळं रडताना वडील गेले त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. आबा तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच समाधान होतं. ते तिच्यासाठी आणलेलं होतं की त्यांचं स्वतःचं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर ते थोडेच दिवस होते. त्या दिवसांत आई त्यांच्याशी सारखी बोलायची. पाऊस कधी येईल, म्हैस कशी आटली, माझ्यासाठी कुठलं स्थळ आलंय. आबा हूं हूं करत ऐकायचे.

ते गेले त्या दिवशी पडघ्याच्या नाक्यापासून आमच्या घरापर्यंत कडेने ट्रक उभे होते. सगळं आवरल्यावर, माणसं पांगल्यावर, आई आणि मी ओटीवर बसलो होतो. ती म्हणाली, "मी माफ केलं म्हनून सुखानं गेले गं ते."

मी म्हटलं, "हो."